अर्ध्या चरणानंतर

बसथांब्याच्या काचेत माझा बूट होता. उजवा. काळा, पुढून गोल, नाडीला दोन गाठी, आणि त्याच्यावर करड्या विजारीची तीन बोटं कड. बाकीचा मी नव्हतो; घोट्याच्या वर मला कापून टाकलं होतं. चित्राची उरलेली सगळी जागा माझ्या शेजारी गाणाऱ्या शाबोची होती. एक गुडघा जमिनीला, मान खाली, उजव्या हाताची बोटं चर्चच्या दगडी फरशीवर टेकलेली, आणि मागे, धूसर, मंत्र्यांच्या रांगा. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वारशापुढे नमतो तो आपला', आणि त्याखाली पक्षाचं नाव. जूनमधली सकाळ, बाजाराचा दिवस. माझ्या पिशवीतून लीकची, त्या जाड कांदापातीची, पाती बाहेर आली होती आणि मी स्वतःच्या बुटाकडे बघत उभा होतो. बस आली, दार फुस्स करून उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय साहेब, येताय की इथेच मत ठरवताय?" मागची बाई हसली. मी म्हणालो, पुढची घेतो. दार मिटलं, बस गेली. बाईही चढली नव्हती, तिला दुसरीकडे जायचं असावं. ती चित्राकडे हनुवटी करून म्हणाली, "चांगलंय नाही? निदान हा तरी आदर दाखवतोय." मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते आठवत नाही. खोटं. आठवतं. हो अशी हलवली.

ती चूक माझी होती. एवढंच वाक्य आहे. चार आठवडे ते माझ्यापाशी तयार आहे. मी जन्मभर कवळ्या केल्या. पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून ती माणसाच्या तोंडात घालून बघतात. कुठे टोचते, ओठ कुठे फुगतो, बोलताना शिट्टी वाजते का. तसं हे वाक्य मी मेणात करून रोज घालून बघतो. 'ती चूक माझी होती.' जड. जबडा दुखतो. 'ती चूक बहुधा माझ्याकडून झाली.' टोचत नाही, पण पहिल्या घासाला निसटेल. 'मला वाटतं, त्या दिवशी आपल्या बाजूनं कुणीतरी जरा लवकर उचललं.' हे अगदी छान बसतं. याला दातच नाहीत.

आमच्या गावचं थोरलं चर्च डेले नदीच्या काठावर आहे, आणि त्याच्यात दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही अकरा जण जुन्या लॅटिन स्तोत्रांची तालीम करतो. पाच-पाच जण समोरासमोरच्या बाकांवर, आणि वृंद चालवणारी रेनिल्द मध्ये. एक चरण या बाजूनं गायचा, पुढचा त्या बाजूनं. पण प्रत्येक चरणाच्या मधोमध थांबायचं असतं. अर्धा चरण, मग काहीच नाही, मग उरलेला अर्धा. त्या काहीच-नाहीला ताल नाही, मात्रा नाही. आमच्याकडे तो पहिल्या अर्ध्याचा नाद वर कमानींत जाऊन विरेपर्यंत चालतो. शेजारच्या गावात तो आखूड आहे. आम्ही त्यांना बस पकडणारे म्हणतो, ते आम्हाला झोपलेले म्हणतात, आणि असं म्हणतात की पाचशे वर्षांपूर्वी या एका गोष्टीवरून दोन गावांच्या पुरोहितांनी एकमेकांची मेणबत्त्यांची वर्गणी बंद केली होती. त्या शांततेत एकट्यानं आवाज करणं ही आमच्यातली सगळ्यात मोठी चूक. सूर उतरला तर तो बाकीच्या आवाजांत झाकला जातो. थांब्यात निघालेला आवाज झाकायला काहीच नसतं. आणि जो चुकतो तो तिथल्या तिथे एका गुडघ्यावर खाली जातो, बोटं फरशीला लावतो आणि उठतो. गाणं थांबत नाही. कुणी बघत नाही. ही रीत नदीपलीकडच्या मठातून आली. मठ फ्रेंचांनी पाडला, दगड विकले, रीत राहिली. तिचा दुसरा भाग मला लहानपणी पहिल्यापेक्षा जास्त आवडायचा: हात लागला की संपलं. त्या चुकीबद्दल नंतर कुणी एक शब्द काढायचा नाही. चुकणाऱ्यानंही नाही.

या दुसऱ्या भागात मी चार आठवडे राहतो आहे. भाडं नाही, उजेड नाही.

मे महिन्यात देशोदेशीचे मंत्री आमच्या गावात आले होते, वारशाबद्दलच्या कसल्याशा जाहीरनाम्यावर सह्या करायला. गाव आमचं निवडलं ते आमच्या हस्तलिखितासाठी. बाराव्या शतकातलं ते जाडजूड गाण्याचं पुस्तक काचेच्या पेटीत ठेवून पेटीसमोर माइक लावला होता, जणू तेच दोन शब्द बोलणार होतं. एका मंत्र्यानं भाषण केलं. तो म्हणाला, सीमा नव्हत्या, पारपत्रं नव्हती, तेव्हाही हा खंड एका सुरात गात होता. मला शेजारच्या गावच्या मेणबत्त्या आठवल्या आणि हसू आलं. माझ्या डाव्या हाताला शाबो उभा होता, तो कुजबुजला, "एका सुरात? गोमार अम्मो, याला एकदा आपल्या तालमीला बोलवा." अम्मो म्हणजे त्याच्या भाषेत काका. शाबो फरश्या बसवतो. पाच वर्षांपूर्वी चर्चच्या वस्त्रागारातल्या खचलेल्या फरश्या उचलायला आला होता. गुरुवार होता, आमची तालीम चालू होती, आणि तो हातात रबरी हातोडा घेऊन दारात तासभर उभा राहिला. शेवटी रेनिल्द त्याला म्हणाली, उभंच राहायचं असेल तर इकडे उभे राहा. तो सुरियानी ख्रिस्ती, जन्मला इथेच, आईबाप तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या डोंगरातून आलेले. रविवारी तो त्यांच्या चर्चमध्ये गायचा, गुरुवारी आमच्यात. पहिल्याच दिवशी आमची समोरासमोरची बाकं बघून म्हणाला होता, "ही दोन बाजूंनी गायची पद्धत तुम्ही आमच्याकडून नेलीत. सोळाशे वर्षं झाली. वापरून झाली असेल तर परत करा." आमचा सगळ्यात जाड आवाजाचा यूल यावर म्हणाला होता, "पावती दाखव." सगळे हसलो होतो. ते हसणं खरं होतं. निदान माझं होतं.

तर त्या दिवशी आम्ही गायला उभे राहिलो. आमच्यासमोरची लाकडी बाकं कॅमेऱ्यांसाठी काढली होती. दारापासून वेदीपर्यंत जाड निळा गालिचा, आणि पाचशे माणसं, बाहेर गारठा म्हणून लोकरीच्या कोटांत. खांबाला एक छोटा पडदा टांगला होता, आत जे दिसतंय ते बाहेर चौकात लोकांना कसं दिसतंय हे बघायला. तो माझ्या नेमका समोर होता. तिसरा चरण आमच्या बाजूचा. आम्ही पहिला अर्धा गायलो आणि

थांबलो. बाकीचे चौघे थांबून राहिले. पडद्यावर एक म्हातारा आला. पांढरे केस नीट विंचरलेले, जबडा भरदार, मागे बाराव्या शतकाचा दगड. किती शोभतोय हा, मला वाटलं, आणि मग कळलं की तो मी आहे. मी स्वतःकडे बघत होतो. रेनिल्दच्या हाताकडे बघायचं असतं, मी माझ्याकडे बघत होतो. नाद गालिच्यात, कोटांत केव्हाच विरला होता, नेहमीच्या निम्म्या वेळात, आणि माझं अंग त्रेपन्न वर्षं नादावरच चालत आलेलं, ते म्हणालं, आता. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. त्याच्या

तोंडातून एक अक्षर निघालं. एकच, पण पूर्ण छातीचं. ते पाचशे माणसांवरून चालत दारापर्यंत गेलं असेल. गालिच्याचा दोष, मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलं; जुना नियम नादाचा आहे, हाताचा नाही, म्हणजे खरं तर मी एकटाच बरोबर होतो आणि बाकीचे सगळे चुकले. हेही मेणात करून बघितलंय. पण तेव्हा, त्या क्षणी, गालिचा वगैरे काही डोक्यात नव्हतं. मांडीतून पोटाकडे गरम काहीतरी चढलं, लहानपणी वर्गात लघवी झाली होती तसं. आणि वाकायचं होतं. गुडघ्याला आज्ञा गेली होती, शपथेवर सांगतो, गेली होती. पण माझ्या डाव्या हाताला काहीतरी हललं आणि शाबो खाली गेला. एक गुडघा, बोटं फरशीला. मी त्याच्या केसांतला भोवरा बघितला. रेनिल्दनं हात उचलला, दुसरा अर्धा चरण आला, मी गायलो. छान गायलो. पलीकडच्या बाजूनं त्यांचा पूर्ण चरण गायला, तेवढा वेळ शाबो खालीच होता, रीतीपेक्षा जास्त. मग तो उठला. कॅमेरेवाल्याला पुरेसा वेळ मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी ते चित्र सगळीकडे होतं. एका वर्तमानपत्रात मथळा होता, नव्या युरोपची नम्रता. दुसऱ्यात एका बाईंनी लिहिलं की एका स्थलांतरिताला मंत्र्यांसमोर गुडघे टेकायला लावणं लाजिरवाणं आहे आणि आम्ही कुठल्या शतकात राहतो. कुणीही त्याला विचारलं नाही. मलाही कुणी विचारलं नाही, मी फक्त बूट होतो. आणि आता निवडणूक आली, आणि बूट बसथांब्यावर आला.

घरी आलो तेव्हा गोडेलीव रेडिओ ऐकत बटाटे सोलत होती. माझ्या बायकोला माझ्याकडे न बघता माझा चेहरा कळतो. "बघितलंस वाटतं," ती म्हणाली. "स्टेशनपाशी तर बसच्या अख्ख्या बाजूवर लावलंय. बिचारा शाबो." मी लीक सिंकमध्ये ठेवले. ती म्हणाली, "तू तर शेजारीच होतास. तुला ऐकू आलं असेल ना, त्याचं चुकलं ते?" "आलं," मी म्हणालो. "मग?" "मग काय." "काही नाही. विचारलं." ती सोलत राहिली. मग म्हणाली, "तुझे काळे बूट तळघरात कशाला नेऊन ठेवलेस?" मी म्हणालो, टाच झिजलीय. बटाट्याची साल एकसंध निघत होती, ती तिनं शेवटपर्यंत तुटू दिली नाही.

मला त्या दुपारी आई आठवत राहिली. मी आठ वर्षांचा, ब्रसेल्समधलं मोठं दुकान, तीन मजले, पितळी कठडे. आई चर्चमधल्या माझ्या पहिल्या पवित्र भोजनाच्या विधीसाठी सूट घ्यायला घेऊन गेली होती. तिनं आपल्या बोलीत मोजे मागितले. काउंटरवरच्या मुलीनं फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं; तिथल्या दुकानांत तेव्हा तेवढंच चालायचं. आईनं पुन्हा मागितले, हळू. मुलगी शेजारच्या मुलीला फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. आणि आईनं, माझ्या आईनं, जी कसायाशी हाडावरून भांडायची, मान खाली घातली आणि तुटक्या फ्रेंचमध्ये माफी मागितली. मी तेव्हा काय केलं? मी दोन पावलं सरकलो. शेजारी टोप्यांचा काउंटर होता, तिथे एक धिप्पाड माणूस टोप्या घालून बघत होता, मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो, त्याचा मुलगा असल्यासारखा. परतीच्या गाडीत आई खिडकीतून बाहेर बघत होती. मोठा झाल्यावर मी आमच्या भाषेसाठी मोर्च्यांतून फिरलो, ब्रसेल्समध्ये ओरडून आलो, फ्रेंच येत असून बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. लोकांना वाटायचं, पेटलेला माणूस आहे. मी त्या दोन पावलांपासून लांब धावत होतो. आणि धावून धावून पोचलो कुठे, तर एका काळ्या बुटात, जो जागचा हलला नाही.

गुरुवारी शाबो तालमीला आला नाही. रंगीत काचांच्या खिडक्यांतून अजून ऊन येत होतं, समोरच्या बाजूचे लाल-निळे झालेले. रेनिल्द म्हणाली, "शाबोचा फोन होता. तो थांबतोय म्हणाला. काही काळ." यूलनं चष्मा पुसला. "लाज वाटली असेल. साहजिक आहे. एवढ्या लोकांसमोर." दुसरा कुणीतरी म्हणाला, "आवाज चांगला होता पण." होता. यूल म्हणाला, "आवाजाचं नाही. थांबता यायला हवं. ते शिकवून येत नाही, ते अंगात असावं लागतं. त्यांचं गाणं कसं, सारखं वाहतं. मी वाईट अर्थानं म्हणत नाहीये." "हात लागला की बोलायचं नाही, यूल," रेनिल्द म्हणाली. "बरोबर, बरोबर," यूल म्हणाला. मग तीच म्हणाली, जरा खालच्या आवाजात, की प्रक्षेपणवाल्यांनी ध्वनिमुद्रण दुरुस्त केलंय; आदल्या दिवशीच्या तालमीतला तुकडा तिथे जोडलाय. आमचं गाणं जागतिक वारसा ठरावं म्हणून केलेल्या अर्जाबरोबर तेच जाणार. "आता ऐकलंत तर चूक नाहीच कुठे." म्हणजे माझं अक्षर जगातून पुसलं गेलं होतं. वाकलेला माणूस तेवढा राहिला होता, कशासाठी वाकला ते कुणालाच न ऐकू येणारा. माझ्या तोंडात वाक्य होतं. मेणाचं नव्हे, पक्कं. मी ओठ उघडले. रेनिल्दला वाटलं मला सूर हवाय; तिनं हसून मला सूर दिला. मी तो घेतला.

'ती चूक.' 'ती चूक, म्हणजे तुम्ही जिला.' 'ऐका ना, त्या दिवशी गालिचा.' 'गोडेलीव, तुला एक.' 'ती.'

शनिवारी मी सायकल काढली आणि कालव्याकाठानं शाबोच्या घरी गेलो. गॅरेजचं दार वर होतं. तो पाण्याच्या यंत्रावर फरशी कापत होता, कपाळापर्यंत पांढरा. मला बघून त्यानं यंत्र बंद केलं नाही, कानावरचं झाकण तेवढं सरकवलं. "अम्मो! तो गुडघा घेऊन एवढ्या लांब?" मी ओरडून म्हणालो, "शाबो, तो आवाज माझा होता." यंत्राच्या गडगडाटात मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, पुन्हा म्हणावं लागेल, किंवा नाही म्हणावं लागणार. त्यानं कापणं संपवलं. यंत्र बंद केलं. तुकडा पुसून उजेडात धरला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"पाच वर्षं तुमच्या शेजारी उभा राहतोय. बायकोचा आवाज ओळखतो तसा तुमचा ओळखतो. तिचा जरा जास्त वरचा आहे, एवढंच."

"मग तू का वाकलास?"

तो हात पुसत बसला. एका बोटावरची माती दुसऱ्या बोटावर जात होती. "तुमचा गुडघा," तो म्हणाला. "नाताळात तुमचं चुकलं होतं, तेव्हा तुम्ही बाकाला धरून उठलात, आणि पूर्ण चरण गेला त्यात. या वेळी बाक काढलेलं. मी म्हटलं, हा धरणार कशाला? मंत्र्याची टाय? म्हणून खांदा द्यायला खाली गेलो. मी आधी खाली, मग तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली, मग दोघं वर. सोपं काम. फरशीवर मी दिवसभर असतोच." त्यानं फडकं खाली ठेवलं. "मी वाट बघितली, अम्मो. खालून मला तुमचा बूट दिसत होता. म्हटलं, आता हात पडेल खांद्यावर. आता पडेल. मग आपला चरण जवळ आला, म्हणून उठलो."

मी काहीतरी म्हणालो. काय ते महत्त्वाचं नाही. त्यात गालिचा होता. तो मान डोलवत होता, गिऱ्हाईक भिंत का वाकडी आहे ते सांगतं तेव्हा डोलवत असेल तशी. मी विचारलं, मग चार आठवडे तू बोलला का नाहीस? "हात लागला की बोलायचं नाही, तुमचाच नियम ना? शिवाय काय बोलू? की त्या म्हाताऱ्यानं केलं? म्हणाले असते, बघा, अरब आपली चूक आपल्या माणसावर ढकलतोय. मग मी अरब नाही हे सांगण्यात अर्धा तास." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "रविवारचं गाणं बंद झालं माझं, आमच्या चर्चमधलं. कुणी काढलं नाही. मी उभा राहिलो की शेजारचे सरकतात. आणि बाबो माझ्याबरोबर जेवत नाहीत."

त्याचे बाबो, म्हणजे वडील, मलके, मागच्या अंगणात द्राक्षवेलीची पानं खुडत होते. एकोणऐंशी वर्षांचे, सपाट टोपी, भाज्या गोठवायच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेले; आमच्या गावची बोली माझ्यापेक्षा जास्त जाडीभरडी बोलतात. शाबोनं मला वाटेत सांगितलं होतं ते एवढंच, की त्यांच्या डोंगरात आगा, म्हणजे तिथला जमीनदार, घोड्यावरून गेला की बापांना मुलांसमोर रस्त्याकडेला वाकावं लागे, आणि मलकेंनी गाव सोडलं ते एका सकाळी, वाकून उठल्यावर, मागे वळून थोरल्या मुलाचं तोंड न बघता. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि वाक्य म्हणालो. मेण नाही, गालिचा नाही. "ती चूक माझी होती. तुमचा मुलगा चुकला नव्हता. तो मला हात द्यायला वाकला होता."

ते पानं खुडत राहिले. एकावर एक, देठ एका बाजूला. "ऐकलं," ते म्हणाले. "मग तू उभा का राहिलास?"

"माझा गुडघा," मी म्हणालो.

"गुडघा मलाही आहे. दोन आहेत."

शाबो त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, सोडा आता अशा सुरात. त्यांनी ऐकलं नाही. टोपीखालून माझ्याकडे बघत होते, रागानं नाही. कारखान्यात पट्ट्यावरून येणारी वाटाण्याची शेंग बघत असतील तसे. आणि मला जाणवलं की चार आठवड्यांत हा प्रश्न मी एकदाही स्वतःला विचारला नव्हता. चूक, चूक, चूक करत मी तिच्याभोवती फिरलो होतो, कारण ती त्यातल्या त्यात स्वच्छ होती. ती एका अक्षराची होती. तिच्यानंतर एक अख्खा चरण गेला, मी तो ऐकला, आणि त्या वेळात मी काय करत होतो? पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर आता शाबो होता. आणि मी बघितलं की सगळ्यांनी त्याला बघितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. कुणाच्या कपाळावर आठी नाही. जणू वाटच बघत होते.

"कारण मला दिसलं," मी म्हणालो, "की लोकांना तो आवाज त्याचाच वाटला. लगेच. त्यांना विचार करावा लागला नाही. माझा वाटला असता तर नवल वाटलं असतं, त्याचा वाटला तर नाही वाटलं. ते मला त्या क्षणी कळलं. आणि मी ते वापरलं."

अंगणात शेजारच्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. शाबो वेलीकडे बघत होता. बापासमोर हे ऐकायला लागलं याची त्याला लाज वाटत होती, माझी नव्हे, त्याची स्वतःची, आणि ती मी दिली होती त्याला, भेट आणल्यासारखी. मलकेंनी पानांची चळत नीट केली.

"हे म्हण," ते म्हणाले. "गुरुवारी, तुमच्या लोकांत. पहिलं नको. चूक माझी होती, असं कुणीही म्हणतं, आणि मग सगळे म्हणतात, जाऊ दे रे, आणि वर कॉफी पाजतात. हे दुसरं म्हण."

"त्यांच्यात नियम आहे, बाबो, नंतर बोलत नाहीत," शाबो म्हणाला.

"मी येतो," मलके म्हणाले. "मला नियम नाही."

गुरुवारी ते आले. कोट घालून, जूनमध्ये. शाबोनं त्यांना अगदी शेवटच्या बाकावर बसवलं आणि तो त्यांच्या शेजारी बसला, आमच्यात आला नाही. गोडेलीवही आली होती. सकाळी मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं होतं," आणि मग म्हणाली की तीही येणार. यूलनं तिघांकडे बघून विचारलं, "आज काय, मैफल आहे का?" रेनिल्दनं हात उचलला. मी म्हणालो, थांबा. सगळे माझ्याकडे वळले, आणि मला समजलं की इतक्या वर्षांत या जागेवर मी कधी नुसता बोललो नव्हतो. मी सांगितलं. आवाज माझा होता. शाबो मला आधार द्यायला वाकला होता. समोरच्या बाकावरचे चेहरे मऊ झाले, अगदी मलके म्हणाले होते तसेच. "अरे गोमार," रेनिल्द म्हणाली, "हात लागलाय ना त्याला. संपलं ते." "वयानं होतं असं," यूल म्हणाला, आणि त्यानं पान उलटलं. "चला, सुरू करू या." मी म्हणालो, संपलं नाही. आणि मग दुसरं म्हणालो. तुम्हाला तो आवाज शाबोचा वाटला, लगेच वाटला, आणि तसा वाटेल हे मला माहीत होतं, म्हणून मी उभा राहिलो. म्हणायला लागलो तेव्हा आवाज होता, संपता संपता नव्हता. यूलचं बोट पानावरच राहिलं. त्याचा चेहरा मऊ राहिला नाही. कुणाचाच नाही. रेनिल्द माझ्याकडे बघत होती, मग तिनं नजर काढून घेतली. कुणी जाऊ दे म्हणालं नाही.

शेवटच्या बाकावरून मलके उठून उभे राहिले. एक हात शाबोच्या खांद्यावर, दुसरा कानामागे.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हणालो.